निधीसाठी मैदानी आव्हानांचा दिवस करतोय, खेळाच्या नादात मूळ काम हरवू नये म्हणून काय करावं?

शेवटचा_बाक

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

आम्ही कॉलेजचे बावीस जण मिळून एक दिवसाचा कार्यक्रम ठरवतोय. मैदान आणि त्याच्या मागची टेकडी मिळाली आहे. पाच-पाच जणांच्या टीम आणि दिवसभरात आठ आव्हानं: रस्सीखेच, होकायंत्र घेऊन टेकडीवरच्या खुणा शोधणं, दोऱ्यांच्या जाळ्यातून दोरीला न शिवता पलीकडे जाणं, तीन फळ्यांवरून अख्ख्या टीमने 'नदी' पार करणं, डोळ्यांवर पट्टी बांधून अडथळे ओलांडणं असं सगळं. प्रत्येक टीमने आपापले देणगीदार आणायचे. जमलेले पैसे दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं रेकॉर्ड करणाऱ्या एका छोट्या संस्थेला द्यायचे आहेत.

आमच्यातच दोन तट पडलेत. एक तट म्हणतो एवढा खटाटोप कशाला, डबा घेऊन आठ दिवस फिरलो तरी तेवढेच पैसे जमतील. दुसऱ्या तटाला खेळाशिवाय कोणी येणारच नाही असं वाटतं. मला वेगळीच काळजी आहे, की लोक येतील, हुंदडतील, फोटो काढतील आणि घरी जाताना त्यांना संस्था कशाची होती तेसुद्धा आठवणार नाही. असं काही केलेल्यांनी प्लीज अनुभव सांगा.

अर्धवट_अभियंता

पहिला! रस्सीखेचेत आयोजकांची पण एक टीम ठेवा, दोन तट तर तयारच आहेत :)

नाममात्र

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मला हे प्रकार पटत नाहीत. मदत करायची तर करावी ना सरळ, त्यासाठी फळ्यांवरून चालून कशाला दाखवायचं? आपण उड्या मारायच्या आणि दुसऱ्याने त्याचे पैसे द्यायचे यातला संबंधच मला कळत नाही. ते बादलीभर बर्फाचं पाणी डोक्यावर ओतून घ्यायचं फॅड आलं होतं तसंच हे. व्हिडिओ झाले, विषय संपला.

मेंदूचा_भुगा

@नाममात्र, बर्फाच्या बादलीचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं हो. 2014 च्या त्या उन्हाळ्यात एएलएस या आजारासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या संस्थेकडे साडेअकरा कोटी डॉलरच्या आसपास जमले. 2016 मध्ये त्या आजाराशी संबंधित एक नवं जनुक सापडल्याचं जाहीर झालं, त्या संशोधनाला यातलेच पैसे लागले होते. त्यामुळे विषय व्हिडिओपाशी संपला असं नाही म्हणता येणार.

आणि 'संबंध काय' या प्रश्नावर खरंच अभ्यास झालाय. ऑलिव्होला आणि शफीर या दोघांचा 2013 चा शोधनिबंध आहे. त्यांनी लोकांना विचारलं, निधीसाठी सहल ठेवली तर किती द्याल आणि पाच मैलांची दौड ठेवली तर किती द्याल. खरं तर सहलीला जाणं किती सोपं, पण लोक दौडीसाठी जास्त द्यायला तयार झाले. कष्ट घेऊन दिलेल्या देणगीला अर्थ जास्त आहे असं माणसाला वाटतं. म्हणजे डबा फिरवण्यापेक्षा टेकडी चढणं बरं, फक्त ते कष्ट खरे हवेत, देखावा नको.

पायवाट

+१. यातलं सगळ्यात मोठं उदाहरण टेरी फॉक्सचं. कर्करोगामुळे उजवा पाय गेलेला, वय एकवीस, आणि 12 एप्रिल 1980 ला कॅनडाच्या पूर्व टोकाहून कृत्रिम पायावर धावायला निघाला. रोज जवळजवळ एक मॅरेथॉन. 143 दिवसांत 5,373 किलोमीटर धावला आणि मग कर्करोग फुप्फुसात पसरल्यामुळे थांबावं लागलं. प्रत्येक कॅनडावासीयाने एक डॉलर द्यावा एवढंच त्याचं मागणं होतं आणि फेब्रुवारी 1981 पर्यंत दोन कोटी चाळीस लाखांवर डॉलर जमले, म्हणजे देशाच्या लोकसंख्येइतके. जूनमध्ये तो गेला. अजूनही दरवर्षी त्याच्या नावाने धावतात लोक. त्याच्या धावण्याचा त्याच्या मागण्याशी काय संबंध होता हे कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.

टीमचं उदाहरण हवं असेल तर हाँगकाँगचं ट्रेलवॉकर. 1981 मध्ये गुरखा सैनिकांनी सुरू केलेली ती चाल नंतर जगभर पसरली. चौघांची टीम, 100 किलोमीटर, आणि चौघांनी मिळूनच शेवट गाठायचा. पुढे पळून जाण्यात काहीच अर्थ नाही, सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या वेगाने टीम चालते. मी अशा एका चालीत भाग घेतला होता. साठाव्या किलोमीटरला आमच्यातल्या एकाच्या टाचेचं कातडं सोलून निघालं, आणि उरलेला सगळा वेळ आम्ही तिघं त्याची सॅक आळीपाळीने उचलत होतो. तो माणूस आता माझा सख्ख्या भावासारखा मित्र आहे. तेव्हा धागाकर्ती, तुमची टीमची कल्पना सोडू नका.

हिशेबनीस

मी जरा कोरडं लिहितो पण हे कोणीतरी लिहायला हवं.

आमच्या कॉलेजच्या वेळी असाच एक मोठा कार्यक्रम झाला, हिशेब माझ्याकडे होता. आलेल्या प्रत्येक शंभरातले अठ्ठेचाळीस टी-शर्ट, ट्रॉफ्या, स्पीकर आणि मांडव यातच गेले. ज्यांना पैसे द्यायचे होते त्यांच्या हातात उरलेले बावन्न पडले. कोणी खाल्ले नाहीत, चोरी नाही, सगळ्या पावत्या आहेत, पण ज्या आजीने 'मुलांच्या पुस्तकांसाठी' म्हणून पैसे दिले होते तिने अर्ध्या पैशांत ट्रॉफी घेतली हे मला आजही बोचतं.

त्यावरून मी जे शिकलो ते सांगतो. खर्चाचे पैसे आणि देणगीचे पैसे पहिल्या दिवसापासून दोन वेगळ्या डब्यांत ठेवा. टीमच्या प्रवेश शुल्कातून आणि एखाद्या प्रायोजकाकडून खर्च भागवा, आणि देणगी म्हणून आलेला पैसा न् पैसा संस्थेला जाईल असं लिहून जाहीर करा. खर्च शुल्कात बसत नसेल तर कार्यक्रम लहान करा. पैसे कोणाही विद्यार्थ्याच्या वैयक्तिक खात्यात घेऊ नका, तो कितीही प्रामाणिक असला तरी, कारण शंका आली की तोच पोळतो. शक्य असेल तर देणगी सरळ संस्थेच्या खात्यात जाऊ दे आणि पावतीही त्यांचीच, तुम्ही मध्ये पडूच नका. रोख मोजायला कायम दोघं. आणि आठ दिवसांच्या आत जमाखर्च सगळ्यांना दिसेल असा लावा.

टी-शर्ट नकोतच. हाताला बांधायच्या रंगीत फिती पुरतात.

मावशी_बोलते

हिशेबनीस, अगदी पोटतिडकीने लिहिलंत. मुलांनो, हे छापून भिंतीवर लावा.

माझी शंका आईची आहे. पडणं-झडणं, ऊन, पाऊस याचं काय? टेकडीवर पोरं पाठवणार, मोबाईलला रेंज असेल का तिथे?

गाठ_निरगाठ

मावशींनी बरोबर ठिकाणी बोट ठेवलं. मी बारा-तेरा वर्षं मैदानी शिबिरं घेतोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी उंची आणि पाणी. दोरीवरून उतरणं, कडा चढणं, तराफा बांधून पाण्यात जाणं हे प्रशिक्षित माणूस आणि तपासलेलं सामान नसेल तर यादीतून काढा. तुमच्या यादीत ते नाही, फार बरं झालं, आता शेवटच्या आठवड्यात 'काहीतरी थरारक हवं' म्हणून कोणी घुसवू नका. ती 'विश्वासाने मागे पड, आम्ही झेलतो' वाली गोष्टही स्टूलावरून वगैरे अजिबात नको.

रस्सीखेच सगळ्यांना निरुपद्रवी वाटते. तसं नाहीये. 1997 मध्ये तैपेईत सोळाशेवर माणसांची रस्सीखेच चालू होती, दोर तुटला आणि दोघांचे हात खांद्यापासून तुटले. नायलॉनचा दोर रबरासारखा ताणला जातो, ती सगळी शक्ती त्यात साठते आणि तुटला की चाबकासारखा उलटा येतो. म्हणून जाड, न ताणणारा, खास त्यासाठीचा दोर घ्या, एका बाजूला आठच्या वर माणसं नकोत, आणि दोर हाताला, मनगटाला, कमरेला कोणीही गुंडाळायचा नाही. हे पंचाने प्रत्येक डावाआधी मोठ्याने सांगायचं. हातमोजे नसतील तरी चालेल, पण अंगठी, घड्याळ काढूनच ठेवायचं.

दोऱ्यांच्या जाळ्यात माणसाला उचलून पलीकडे देतात तेव्हा डोकं आणि मान कोणी धरायची ते आधी ठरवा, आणि दोन माणसं नुसती सावरायला बाजूला उभी ठेवा, त्यांनी खेळायचं नाही.

विजांचं एक सोपं गणित आहे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर वीज साधारण दहा किलोमीटरच्या आत आहे. लगेच सगळ्यांनी पक्क्या इमारतीत जायचं, झाडाखाली नाही, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर यायचं नाही.

टेकडीवर जाणारी प्रत्येक टीम निघताना आणि परतताना मोजायची, कागदावर, वेळेसकट. रेंज कुठे आहे ते आदल्या दिवशी चालून बघा.

शेवटचं म्हणजे, एखाद्याला एखादं आव्हान करायचं नसेल तर 'नाही' म्हणता आलं पाहिजे आणि त्याचे गुण कापले जाता कामा नयेत. त्याला वेळ मोजायचं, नकाशा धरायचं काम द्या. ओढून-ताणून भाग घ्यायला लावलेला माणूसच जायबंदी होतो, हे मी पुन्हापुन्हा पाहिलंय.

अर्धवट_अभियंता

बाप रे, रस्सीखेचेबद्दल हे माहीतच नव्हतं. माझा वरचा प्रतिसाद मागे घेतो.

मेंदूचा_भुगा

अवांतर, पण रस्सीखेचेवरून आठवलं. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच शेतीतज्ज्ञाने माणसांना दोर ओढायला लावून मोजमाप केलं होतं, 1913 मध्ये ते छापून आलं. एकटा माणूस ओढतो ते शंभर धरलं तर दोघांत प्रत्येकी 93, तिघांत 85 आणि आठ जणांत जेमतेम 49! म्हणजे आठ जण मिळून चौघांइतकंच ओढतात. थोडं नुकसान ताल न जुळल्याने होतं, आणि थोडं 'बाकीचे ओढतायत की' या भावनेने. 1970 च्या दशकात पुन्हा प्रयोग झाले त्यात डोळे बांधून, मागे माणसं आहेत असं नुसतं सांगितलं, प्रत्यक्षात कोणीच ओढत नव्हतं, तरी माणसाचा जोर कमी झाला.

म्हणून पाचची टीम हा निर्णय छान आहे. देणग्या आणायलाही हेच लागू. 'टीमने मिळून आणा' म्हटलं की दोघं आणतात आणि तिघं बघतात. प्रत्येकाने आपापले तीन देणगीदार शोधायचे असं नावानिशी ठरवा.

अर्धवट_अभियंता

म्हणजे रस्सीखेचेत सगळ्यात मागे जो दात-ओठ खात लालबुंद झालेला दिसतो, त्याच्यावर लक्ष ठेवायला हवं :D

गाठ_निरगाठ

नाही हो, मागचा माणूस सगळ्यात महत्त्वाचा! तो नांगर. तो हलला की टीम गेली.

स्पर्शवाचक

मी जन्मापासून पाहू शकत नाही, हा धागा स्क्रीन रीडरवर ऐकतोय. माझी बारावीपर्यंतची निम्मी पुस्तकं अशाच कोणीतरी वाचून रेकॉर्ड केलेली होती, त्यामुळे तुम्ही निवडलेलं काम मला फार जवळचं आहे.

पण शेवटचा_बाक ताई, यादीतलं एक आव्हान मला खटकलं. डोळ्यांवर पट्टी बांधून अडथळे. ते कशासाठी ठेवलंय हे लिहिलं नाहीये, पण माझा अंदाज आहे की 'दृष्टिहीनांचं जगणं अनुभवा' असं काहीतरी त्याला नाव द्यायचं चाललंय. बरोबर का?

शेवटचा_बाक

हो. अगदी तेच नाव होतं. पोस्टरवर लिहूनही झालंय. आमच्या मते तेच सगळ्यात चांगलं आव्हान होतं, कारण त्यातून कामाशी संबंध जुळत होता. काय चुकतंय ते सांगा ना दादा.

स्पर्शवाचक

सांगतो. पट्टी बांधल्यावर माणसाला काय अनुभव येतो? नुकतीच नजर गेलेल्या माणसाची पहिली पाच मिनिटं. भीती, धडपड, बावचळणं. मग पट्टी काढतो आणि म्हणतो, बाप रे, ही माणसं कशी जगत असतील. मी असं जगत नाही. मला पांढरी काठी वापरायचं शिक्षण मिळालंय, काठीच्या आवाजावरून समोर भिंत आहे का मोकळं आहे ते कळतं, मी रोज दोन बस बदलून कामावर जातो. ते पट्टीत कुठे आलं?

हे माझं एकट्याचं रडगाणं नाही. आरिएल सिल्व्हरमन या स्वतः दृष्टिहीन असलेल्या मानसशास्त्रज्ञ. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर हाच प्रयोग विद्यार्थ्यांवर केला, 2015 मध्ये तो प्रसिद्ध झाला. पट्टी बांधून फिरलेल्या विद्यार्थ्यांना दृष्टिहीन माणसं नोकरी करायला, स्वतंत्र राहायला कमी लायक वाटू लागली. पट्टी न बांधलेल्यांपेक्षाही कमी. कणव वाढली असेल, पण भरवसा कमी झाला. आता बघा, त्या दिवशी तुमच्याकडे येणारी मुलं उद्या कुठेतरी नोकऱ्या देणारी होणार आहेत. एका दुपारच्या खेळातून 'यांना काही जमत नाही' हे मनात घेऊन ती गेली तर ध्वनिपुस्तकं ऐकून शिकलेला विद्यार्थी त्यांच्याच समोर मुलाखतीला बसणार आहे.

मला राग आलेला नाही. तुम्ही विचारलंत म्हणून मोकळेपणी लिहिलं.

मावशी_बोलते

मी दोनदा वाचलं. आमच्या शाळेत हा पट्टीचा खेळ मी स्वतः मुलांकडून कितीतरी वर्षं करून घेतला, चांगल्या हेतूने. असा विचार कधीच मनात आला नव्हता. धन्यवाद.

नाममात्र

स्पर्शवाचक, मग काय करावं असं तुमचं मत? नुसतं ते आव्हान काढून टाकायचं का? कारण मग संबंध काहीच उरत नाही आणि माझा पहिला प्रश्न तसाच राहतो.

स्पर्शवाचक

काढू नका, बदला. गोलबॉल खेळा!

दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी 1946 मध्ये हा खेळ तयार झाला, 1976 पासून पॅरालिम्पिकमध्ये पदकासाठी खेळतात. एका बाजूला तीन खेळाडू. सव्वा किलोचा चेंडू, आत घुंगरं. मैदान 18 मीटर लांब, 9 मीटर रुंद आणि गोल अख्ख्या रुंदीचा. समोरचा चेंडू जमिनीलगत फेकतो, तुम्ही आवाजावरून अंग झोकून अडवायचा. मैदानाच्या रेघा दोरीवर चिकटपट्टी लावून करतात म्हणजे हाताला लागतात. पट्टी सगळेच बांधतात, मीसुद्धा, कारण काहींना थोडं दिसतं, तो फायदा कोणाला मिळू नये. बघा, इथे पट्टी आहेच, पण ती खेळ समान करण्यासाठी. आणि खेळ चालू असताना प्रेक्षकांनी पूर्ण गप्प बसायचं. दोनशे कॉलेजची मुलं गप्प बसवणं हेच खरं आव्हान :)

आमच्यासारखे चार-पाच खेळाडू बोलवा. आम्ही सोपं खेळणार नाही.

होकायंत्राच्या आव्हानातही एक बदल सुचवतो. मिश्र टीम करा. सोबत चालताना दृष्टिहीन माणसाला ढकलत नेत नाहीत, तो तुमचा कोपर धरतो आणि अर्धं पाऊल मागे चालतो, तुमच्या हालचालीवरून त्याला चढ-उतार कळतो. खुणांची कोडी काहींची छापील आणि काहींची ब्रेलमध्ये ठेवा. ब्रेलची चिठ्ठी आली की टीममधला तोच माणूस वाचू शकेल आणि बाकीचे चौघं त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहतील. मग कोणाला कोणाची गरज आहे ते भाषण न करता कळेल.

पायवाट

ब्रेलची चिठ्ठी!! काय सुंदर कल्पना आहे. अंगावर काटा आला वाचताना.

नाममात्र

आता पटलं. मी 'फॅड' म्हणालो ते या कार्यक्रमाला लागू होत नाही. जाळ्यासाठी दोर आणि लाकडी फळ्या माझ्याकडे आहेत, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, देतो.

संस्थेतली

उशिरा येतेय. मी अशाच एका (दुसऱ्या) संस्थेच्या ऑफिसात काम करते, पैसे घेणाऱ्या बाजूचं थोडं सांगते.

पहिलं म्हणजे संस्थेला विचारा की त्यांना काय हवंय. आमच्याकडे एकदा विद्यार्थ्यांनी हौसेने तीन महागडे मायक्रोफोन आणून दिले. मनापासून दिले, पण आमची अडचण आवाज न झिरपणाऱ्या खोलीची आणि वाचलेलं तपासून दुरुस्त करणाऱ्या माणसाची होती. पाठ्यपुस्तक म्हणजे कथा नाही, त्यातल्या आकृत्या, तक्ते शब्दांत सांगावे लागतात, पानं आणि प्रकरणं शोधता येतील अशी रचना करावी लागते. वेळ जातो तो तिथे.

दुसरं, ज्या मुलांसाठी हे चाललंय त्यांना व्यासपीठावर उभं करून धनादेशाचे फोटो काढू नका. ती स्पर्धक म्हणून आली तर उत्तम, नाहीतर नका बोलवू.

तिसरं, त्या दिवशी एक टेबल 'वाचक व्हायचंय का' असं ठेवा. नावं आणि आवाजाचा दोन मिनिटांचा नमुना घ्या. पैसे एकदा येतात, पण दर आठवड्याला दोन तास वाचणारे वीस जण मिळाले तर ती संस्था तुम्हाला कायम लक्षात ठेवेल. 'घरी जाताना काय आठवेल' या धागाकर्तीच्या काळजीला माझ्या मते हेच उत्तर आहे.

अर्धवट_अभियंता

पुस्तकं अशी वाचून रेकॉर्ड करायला कॉपीराइट आड येत नाही का? खरंच माहीत नाही म्हणून विचारतोय.

संस्थेतली

चांगला प्रश्न. यासाठीच माराकेश करार आहे, 2013 मध्ये झाला आणि 30 सप्टेंबर 2016 पासून लागू आहे. ज्या देशांनी तो स्वीकारलाय तिथे दृष्टिहीनांना वाचता येईल अशी प्रत मान्य संस्थांना लेखक-प्रकाशकाच्या वेगळ्या परवानगीशिवाय करता येते, दुसऱ्या देशात पाठवताही येते. पण म्हणून कोणीही घरी रेकॉर्ड करून सगळ्यांसाठी टाकून द्यावं असं नाही, संस्थेमार्फतच करायचं.

शेवटचा_बाक

सगळ्यांचे खूप खूप आभार. काल आमची तीन तास मीटिंग झाली, हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. थोडी भांडणंही झाली, कारण पोस्टर बनवणाऱ्या मुलाने दोन रात्री जागून ते केलं होतं. शेवटी त्यानेच ते फाडलं आणि नवं करायला बसला.

ठरलं ते असं. आठऐवजी सहा आव्हानं. टी-शर्ट, ट्रॉफ्या रद्द, फिती. खर्च टीमच्या शुल्कातून, देणग्या सरळ संस्थेच्या खात्यात. पट्टीच्या अडथळ्यांऐवजी गोलबॉल, रेघांसाठी दोरी आणि चिकटपट्टी आणलीसुद्धा. रस्सीखेच आठ-आठची, दोन टीममधून माणसं घेऊन. संस्थेला फोन केला तेव्हा कळलं की त्यांना खरंच यंत्रं नकोयत, विज्ञानाच्या पुस्तकातल्या आकृत्या समजावून वाचणारी माणसं हवीयत. आमच्यातल्या नऊ जणांनी तिथल्या तिथे नावं दिली, कार्यक्रमाची वाटही न बघता. डबेवाला तटही यात आहे!

गाठ_निरगाठ दादा, आदल्या दिवशी मैदान बघायला याल का? आणि स्पर्शवाचक दादा, तुम्ही आणि तुमचे खेळाडू?

गाठ_निरगाठ

येतो. दोर मी आणतो, तुम्ही विकत घेऊ नका. टेकडीवरची मोजणी कोण करणार त्याचं नाव मला आधी कळवा.

स्पर्शवाचक

आम्ही सहा जण येतोय. तिघं गोलबॉलला पक्के. ब्रेलच्या चिठ्ठ्या मी टोचून देतो, कोडी फक्त आठवडाभर आधी पाठवा, आणि मग त्या आव्हानात मला घेऊ नका, उत्तरं मला माहीत असतील.

रस्सीखेचेत मात्र मला सगळ्यात मागे ठेवा. हाताला दोर गुंडाळणार नाही.